होळीला क्रॉस, मृगाच्या आत बी : सोलापूरच्या गच्चीवर सक्युलंटच्या नव्या जाती

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात शेजारच्या अक्कांच्या गच्चीवर कुरडया वाळत होत्या आणि माझ्या गच्चीवर अडेनियमची, म्हंजे जाड बुडाच्या एका सक्युलंट (अंगात पाणी साठवणाऱ्या) फुलझाडाची, पहिली क्रॉस केलेली शेंग पिकत होती. सकाळी बघितली तेव्हा जराशी करडी दिसली, म्हटलं अजून चार दिवस निघतील, आणि आम्ही तुळजापूरला जाऊन आलो. संध्याकाळी येऊन बघते तर शेंग लांबच्या लांब उललेली, आत नुस्तं टरफल, आणि अक्का कुरडयांवरनं केसाळ काड्या वेचत बसलेल्या. रुईच्या म्हाताऱ्या उडतात ना तशाच ह्या बिया उडतात, फक्त हिला दोन्ही टोकांना केसांचा झुबका असतो. अक्का म्हणाल्या, "काय गं हे, कापूस पिंजायलीस का?" त्या कुरडया मी टाकायला लावल्या कारण अडेनियम विषारी आहे, नंतर बाजारातनं दोन किलो आणून दिल्या पण घरच्या चिकाच्या कुरडईची सर त्याला नाही हे मला अजून ऐकवतात. तीन महिन्यांची वाट बघणं आणि हाताला लागल्या अकरा बिया.

म्हणून शेवटची पायरी आधीच सांगून टाकते. शेंग बोटाएवढी लांब झाली की तिला चार ठिकाणी सूत गुंडाळा. रबरबँड नको, सगळे व्हिडिओवाले रबरबँड सांगतात पण आपल्या उन्हात रबरबँड पंधरा दिवसांत तडकून गळून पडतो. सोलापुरात सुताला काय तोटा, कुठल्याही यंत्रमागवाल्याच्या ओळखीत तुकडे फुकट मिळतात आणि रंगीत मिळतात, त्या रंगांचा उपयोग पुढं सांगते. नाहीतर लग्नात बडीशेप भरून देतात त्या जाळीच्या पोटल्या असतात ना, त्या जपून ठेवा, शेंगेला पोटली घालून दोरी ओढली की काम झालं.

आता मूळ मुद्द्यावर येते. क्रॉस करणं म्हंजे एका झाडाचं पोलन (परागकण) दुसऱ्याच्या फुलात नेऊन लावणं, हे दोन मिनिटांचं काम आहे आणि टूथपिकनं होतं. अवघड आहे ते कुठली दोन झाडं घ्यायची हे ठरवणं आणि दीड वर्षानं त्यातलं काय ठेवायचं हे ठरवणं.

कुठली झाडं घ्यायची

मोबाईलवर फोटो बघून सगळ्यांना एचेवेरिया पाहिजे असतं, ते कमळासारखं निळसर गुलाबी. मी पण आणली, तीन वेळा आणली, एप्रिल संपेपर्यंत तिन्ही वेळा भाजीसारखी मऊ होऊन गेली. कारण सरळ आहे, ती मूळची मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, तिला रात्री गारवा लागतो, आणि आपली गच्ची मे महिन्यात रात्री अकरा वाजता पण पायाला चटका देते. असल्या झाडाचा क्रॉस करून त्याची पिल्लं वाढवायची म्हंजे दर उन्हाळ्याला सुतक. एसीत ठेवणार असाल तर वेगळं.

ज्या झाडावर शेंग धरायची ती आई आणि ज्याचं पोलन आणायचं तो बाप. माझं म्हणणं असं की आई निवडताना फुल बघू नका, ऊन बघा. तुमच्या गच्चीवर दोन उन्हाळे काढलेलं झाड तेच आई. फुलाचा रंग, पाकळ्या, नखरे हे सगळं बापाकडनं आणा, तो नाजूक असला तरी चालेल कारण त्याचं फक्त एक फुल लागतं. शास्त्राच्या हिशोबानं गुण दोन्हीकडनं येतात, उन्हाचा गुण आईकडनंच येतो असं काही नाही, पण शेंग आईच्या अंगावर तीन महिने राहणार आहे आणि ती आई ऐन वैशाखात टिकली पाहिजे हे तर खरं.

सोलापूरला त्या हिशोबानं अडेनियम एक नंबर. आफ्रिकेतला सहाराच्या खालचा पट्टा आणि अरबस्तान हे त्याचं माहेर, त्यामुळं ४२-४३ डिग्रीला त्याला काही वाटत नाही, फक्त मुळात पाणी साचायला नको. चार दिवसाआड नळ येणाऱ्या गावाला ह्याच्यासारखं झाड नाही. कण्हेर, चाफा, सदाफुली आणि रुई ह्यांच्याच खानदानातलं आहे. अडेनियममधे दोन प्रकार सहज मिळतात, ओबेसम म्हंजे फुलांसाठी वाढवतात ते, आणि अरेबिकम म्हंजे बुडाला जाडजूड, फांद्या पसरट, फुल साधं गुलाबी. माझी आई कायम अरेबिकम आणि बाप ओबेसमचा कुठलातरी डबल (पाकळ्यांचे दोन थर असलेला) किंवा गडद रंग. थायलंड आणि तैवानच्या लोकांनी ह्या झाडावर एवढं काम केलंय की तीन थरांच्या पाकळ्या, पिवळी, जांभळट, काठाला गडद पट्टा असलेली सगळी मिळतात, बाप म्हणून ती आणायची.

आणि एक लक्षात ठेवा, अडेनियममधे सगोत्र विवाह बहुतेक जमत नाही. झाडाचं पोलन त्याच झाडाला लावलं तर शेंग लागत नाही म्हंजे लागलीच तर क्वचित. ह्यात फसायची जागा अशी की नर्सरीतनं एकाच जातीची दोन कलमं आणली तर ती दोन झाडं नाहीत, एकाच झाडाचे दोन तुकडे आहेत. मी एक आख्खा सीझन दोन लाल डबल कलमांचं पोलन इकडनं तिकडं करत बसले होते, कुंड्या दोन होत्या पण झाड एकच होतं, काय होणार.

फुल उघडून बघा, मगच हात लावा

अडेनियमचं फुल फसवं आहे. जास्वंदीत कसं पिवळे ठिपके बाहेर दिसतात तसं ह्यात काहीच दिसत नाही. नळीत वाकून बघितलं तर नुस्ते पाच केस दिसतात. म्हणून आधी एखादं पडायला आलेलं फुल घ्या आणि चक्क फाडा, नळी उभी चिरा. तळाशी एक छोटा सुळका दिसेल, शिवलिंगासारखा म्हणा हवं तर. हा सुळका पाच पुंकेसरांनी एकमेकांना चिकटून बनवलेला आहे आणि ते जे केस बाहेर दिसत होते ती ह्या पाच जणांची शेपटं. सुळक्याच्या आत वरच्या बाजूला पोलन साठलेलं असतं, आणि स्त्रीकेसराचं डोकं त्याच्याच आत अडकलेलं असतं, पण पोलन जिथं धरायला पाहिजे ती जागा डोक्याच्या खालच्या अंगाला. म्हंजे पोलन माडीवर आणि दार तळघरात, त्यामुळं आपोआप काही होत नाही. किड्याची सोंड दोन पुंकेसरांच्या मधल्या फटीतनं खाली जाते आणि बाहेर निघताना त्या फटीत घासून पोलन तिथं लागतं. आपण टूथपिकनं त्या सोंडेची नक्कल करायची, एवढंच.

असली दोन-तीन फुलं फाडून सुळका आणि फट नीट ओळखता आली की मग खरं काम. चष्मा असेल तर लावा, मी सासऱ्यांचं पेपर वाचायचं भिंग घेते. हातमोजे घाला कारण ह्याचा चीक खरंच वाईट आहे, हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं त्यात आहेत आणि आफ्रिकेत शिकारी लोक अडेनियमचाच रस बाणांना लावायचे. डोळ्याला हात लावू नका, लहान मुलं आणि मांजर लांब ठेवा, झाल्यावर साबणानं हात धुवा.

वेळ सकाळी सात ते नऊ. मार्चनंतर दहा वाजले की पोलन कोरडं पडतं आणि चिकटत नाही. बापाचं फुल उमलून एक-दोन दिवस झालेलं घ्या, तोडूनच घ्या, नळी चिरून सुळक्याचं एक पुंकेसर सुईनं बाहेरच्या बाजूला सोलून काढा. आत वरच्या टोकाला पांढरट पिवळसर चिकट गोळा दिसला तर ते पोलन. तपकिरी, भुरभुरीत असेल तर ते फुल टाका, दुसरं घ्या. टूथपिकचं टोक ब्लेडनं अजून बारीक करा, जिभेला लावून ओलं करू नका (सवय असते, मला होती, विषारी आहे म्हणून सांगायलेय), पाण्याचा ओला हात लावला तरी पुरे. टोकावर गोळ्यातला कण आला पाहिजे, डोळ्याला दिसेल एवढा.

आईचं फुल मात्र तोडायचं नाही आणि त्याच्या पाकळ्या ओढायच्या पण नाहीत. इथंच नव्या माणसाची फुलं वाया जातात. पुंकेसरं नळीला आतनं जोडलेली असतात आणि वर डोक्याला चिकटलेली असतात, त्यामुळं नळी ओढली की सुळका, डोकं, दांडा सगळं उपटून हातात येतं आणि मागं नुस्तं देठ राहतं. म्हणून बारीक कात्रीनं नळीला एका बाजूनं खिडकी पाडा, सुळका दिसेपर्यंत. मग दोन पुंकेसरांच्या मधली फट शोधा, पोलनवाली काडी फटीच्या बुडाशी घाला आणि हलकेच वर ओढा. दुसऱ्या फटीत पण करा, तिसऱ्या पण. हात थरथरत असेल तर एक पुंकेसर अलगद सोलून काढा आणि सरळ डोक्याच्या खालच्या अंगाला पोलन टेकवा, ही पद्धत सोपी आहे पण दांडा मोडायची भीती जास्त.

झालं की लगेच, चहा प्यायला जायच्या आधी, देठाला सूत बांधा. माझे रंग असे की लाल सूत म्हंजे लाल डबल बाप, पिवळं म्हंजे पिवळा बाप, काळं म्हंजे तो काठाला गडद पट्टावाला. एका झाडावर तीन बाप चालतात पण एका फुलावर एकच. आणि वहीत लिहा: तारीख, आई × बाप, किती फुलं. आई कायम आधी लिहायची, तशी रीतच आहे, उलटं लिहिलं तर दोन वर्षांनी तुमचं तुम्हालाच कळणार नाही. कुंडीतल्या पट्टीवर पेन्सिलनं लिहा. मी एका वर्षी स्केचपेननं छान रंगीत लिहिलं होतं, मेअखेर सगळ्या पट्ट्या कोऱ्या करकरीत, चाळीस रोपांचा बाप कोण ते ब्रह्मदेवाला माहीत.

आठ-दहा दिवसांत कळतं. पाकळ्या गळून बुडाचा भाग पिवळा पडून पडला तर नाही लागलं. हिरवा राहून फुगायला लागला आणि दोन शिंगं फुटली, बैलाच्या शिंगासारखी दोन्हीकडं, की लागलं. माझं दहा फुलांमागं दोन-तीन लागतात, पहिल्या वर्षी तीसमागं एक लागली होती, तेव्हा नाराज होऊ नका.

कधी करायचं

अडेनियम आपल्याकडं दोनदा भरात येतं, उन्हाळ्याच्या तोंडाला आणि पाऊस सरल्यावर. मी होळीच्या आसपास करते. शेंग पिकायला साधारण तीन महिने लागतात म्हंजे मेअखेर, मृगाच्या आत बी हातात येतं. हे महत्त्वाचं आहे कारण पिकलेल्या शेंगेवर पाऊस पडला की आतल्या आत बुरशी. दसऱ्याच्या आसपास केलं तर शेंग गड्ड्याच्या यात्रेच्या (म्हंजे संक्रांतीच्या) सुमारास येते पण तेव्हा गारठ्यात बी हळू उगवतं, मग फेब्रुवारीपर्यंत थांबावं लागतं आणि अडेनियमचं बी जितकं ताजं तितकं चांगलं, शिळं झालं की उगवण घसरते. म्हणून होळीच बरी.

शेंगा लागल्यावर आईला पाणी तोडू नका, एरवी कोरडं ठेवतो तसं आता नाही, आणि खत पण हलकं चालू ठेवा. आईच्या अंगावर पाच-सहाच्या वर जोड्या ठेवू नका, लहान झाड असेल तर दोनच. पिठ्या ढेकूण शेंगेच्या बेचक्यात बसतो, तो जुन्या टूथब्रशनं साबणाच्या पाण्यात घासून काढा.

बी पेरणं

हे पटकन सांगते कारण ह्यात विशेष काही नाही. केस काढून टाका, बी दोन-चार तास पाण्यात ठेवा, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाईट (हलके पांढरे खडे) किंवा धुतलेली जाड वाळू निम्मी निम्मी घ्या, बी आडवी ठेवून वरनं अगदी पातळ थर द्या. शेतातली काळी माती बिलकूल नको, ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड, मुळं आत गुदमरतात. बोअरच्या जड पाण्यानं वरती पांढरा थर धरतो, जमलं तर नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं वापरा. ग्रीन नेटखाली तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगवायला लागतं, आठवड्यात सगळं निघतं. खरी गोची त्यानंतर, जून-जुलैच्या दमट हवेत रोपं बुडातनं मऊ पडून आडवी होतात. पत्र्याखाली ठेवा, पाऊस अंगावर घेऊ देऊ नका, वारं लागू द्या, एकदा बुरशीनाशकाचं पाणी द्या, आणि एक रोप आडवं झालं की शेजारच्यांची वाट न बघता ते उपटून फेका. चार-सहा खरी पानं आली की वेगळ्या कपात लावा, पट्टी सोबत, पट्टी विसरायची नाही.

माझ्या पहिल्या खऱ्या लॉटचा हिशोब देते म्हंजे अंदाज येईल. एका शेंगेच्या जोडीतनं ७४ बिया, ६१ उगवल्या, १९ पावसाळ्यात सडल्या, २ मांजरीनं उकरल्या, फुलापर्यंत आली ४०.

ठेवायचं काय

पहिलं फुल साधारण वर्ष-दीड वर्षात येतं, आणि मग घरातले सगळे विचारायला लागतात की हेच का ते नवीन. बहुतेक तसलं नवीन काहीच नसतं. चाळीसमधली तीसएक गुलाबी, अरेबिकमसारखीच, काही लालसर, काहींना अर्धवट दुसरा थर फुटलेला जो धड डबल नाही धड सिंगल नाही. मन खट्टू होतं. पण आपल्या सोलापूरचंच उदाहरण घ्या, केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रातनं 'सोलापूर लाल' आलं, त्याची वंशावळ बघितली तर एका बाजूला भगवा आणि दुसऱ्या बाजूला गणेश आणि नाना ह्या जातींचा क्रॉस परत दारू नावाच्या जंगली डाळिंबाशी केलेला. म्हंजे एका पिढीत भागलेलं नाही, तीन-तीन क्रॉस एकावर एक. आपण तर टूथपिकवाले. पहिल्या पिढीत जे दबलेलं असतं ते बऱ्याचदा दुसऱ्या पिढीत वर येतं, म्हणून पहिल्या पिढीतली दोन बरी भावंडं घेऊन त्यांचा आपसात क्रॉस करा, माणसात चालत नाही, झाडात चालतं. सगळ्या भावंडांचं जमेलच असं नाही, तेव्हा चार-पाच जोड्या करून बघा.

आणि कधीकधी क्रॉसची गरज पण नसते, डोळे पाहिजेत. नान्नजचे नानासाहेब काळे ह्यांनी द्राक्षात 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' आणली ती टूथपिकनं नाही, वेलीवर आपोआप बदललेलं त्यांनी हेरलं आणि वाढवलं. तुमच्या अडेनियमच्या एखाद्या फांदीवर अचानक वेगळं फुल आलं तर ती फांदी छाटू नका, सूत बांधून ठेवा.

निवडताना मी काय बघते ते सांगते, क्रमानं नाही, जसं सुचेल तसं. मे महिन्यात फुल करपतं का, कारण गडद रंगाची फुलं आपल्या उन्हात दुपारी काठानं काळी पडतात आणि फोटोत हे कळत नाही. एका फुलाचा रंग थंडीत आणि उन्हाळ्यात वेगळा दिसतो म्हणून दोन्ही सीझन बघितल्याशिवाय निकाल लावायचा नाही. बुड किती जाड आलं. फांद्या आपोआप फुटल्या का छाटाव्या लागल्या. फुल किती दिवस टिकलं, डबल फुलं वजनानं मान टाकतात ते मला आवडत नाही, लोकांना आवडतं. चाळीसमधली मी तीन ठेवली आणि ३७ वाटली. त्यातल्या एकीचा रंग असा निघाला की आमचे हे म्हणाले अगदी शेंगाचटणी, तिखट जास्त झालेली. तेच नाव पडलं.

नावाचं पण सांगून टाकते. नव्या जातीचं नाव एकेरी अवतरणात लिहायची जगभर पद्धत आहे आणि १९५९ पासून लॅटिन नाव ठेवायला मनाई आहे, म्हंजे 'शेंगाचटणी' चालतं, शास्त्रीय वाटावं म्हणून 'सोलापुरेन्सिस' नाही चालत. आणि नाव द्यायचं ते त्या एका झाडाला आणि त्याच्या कलमांना. त्याच्या बियांतनं आलेलं रोप म्हंजे 'शेंगाचटणी' नव्हे, ते तिचं लेकरू, ते कसंही निघेल. ऑनलाईन "त्रिपल डबल अडेनियमच्या गॅरंटीड बिया" म्हणून विकतात ते ह्याच कारणानं खोटं असतं, मी शंभर मागवल्या होत्या, साधी गुलाबी निघाली सगळी.

ज्यांच्याकडं ऊन नाही त्यांच्यासाठी

फ्लॅटच्या बाल्कनीत दोन तास ऊन येत असेल तर अडेनियमचा नाद सोडा आणि गॅस्टेरिया, हॉवर्थिया, कोरफड ह्या तिघांकडं वळा. हे तिघं एकाच कुळातले, तिघांत मुख्यतः १४ क्रोमोसोम (गुणसूत्रं), चार जोड्या लांब आणि तीन आखूड, त्यामुळं वेगवेगळ्या वंशाचे असून पण एकमेकांत जमतं. गॅस्टेरिया आणि कोरफडीचा क्रॉस गॅस्टरअलो नावानं नर्सरीत मिळतो सुद्धा.

इथं फुल सोपं आहे, पुंकेसर उघड दिसतं. फरक एवढाच की ह्यात आधी पोलन पिकतं आणि स्त्रीकेसर एक-दोन दिवसांनी लांब होऊन तयार होतं. म्हणून आईच्या फुलातली पुंकेसरं फुटायच्या आधी चिमट्यानं काढा, दोन दिवस थांबा, टोक ओलसर चमकलं की पोलन लावा. हॉवर्थियाचं फुल एवढंसं असतं, तिथं टूथपिक पण मुसळासारखी वाटते, रंगाच्या ब्रशचा एकच केस किंवा घरात मांजर असेल तर गळून पडलेली मिशी, खरंच, मिशीसारखं दुसरं काही नाही. कोरफडीच्या बाबतीत तुमच्या आधी शिंजीर येऊन जातो, तो पक्षी सकाळी सहालाच तुरा धरून लटकलेला असतो, त्यामुळं पोटली घातल्याशिवाय बापाची खात्री देऊ नका.

आई आणि बाप एका वेळी फुलत नाहीत ही इथली मोठी अडचण. पोलन कागदावर झटकून पुडी बांधायची, बुटाच्या डब्यातली सिलिका जेलची पिशवी घातलेल्या छोट्या डबीत टाकून फ्रिजमधे ठेवायची, काही आठवडे चालतं. डबीवर मोठ्या अक्षरात लिहा, आमच्याकडं सासूबाईंनी हिंगाची डबी समजून उघडली होती.

बोंड तीन कप्प्यांचं असतं, दीड-दोन महिन्यांत वाळून फुटतं. बी दिवाळीनंतर पेरा, ह्यांना अडेनियमसारखी उकड नको. वाढ फार हळू, फुलायला तीन-तीन वर्षं, पण इथं फुल बघायचंच नाही, पानावरचे ठिपके आणि आकार बघायचा, तो वर्षभरात कळतो. वेगळ्या वंशाच्या क्रॉसमधली बरीच पिल्लं पुढं बी धरत नाहीत, खेचराची गोष्ट. १७१७ च्या सुमारास लंडनमधे थॉमस फेअरचाईल्ड नावाच्या माळ्यानं कार्नेशन आणि स्वीट विल्यमचा क्रॉस केला, माणसानं मुद्दाम केलेला पहिला क्रॉस म्हणून तो ओळखला जातो आणि त्याला लोक फेअरचाईल्डचं खेचरच म्हणायचे. पण गॅस्टेरियाच्या पोटी पिल्लं बुडातनं फुटतात, त्यामुळं बी नसलं तरी वंश चालू राहतो.

एका गोष्टीचा क्रॉस करू नका, तो म्हंजे पानाच्या काठावर पिल्लं धरणाऱ्या पानफुटीच्या जातीतल्या कलांचोंचा. १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात हॉटन नावाच्या माणसानं तसल्या दोन जातींचा हौसेनं क्रॉस केला आणि ते झाड आता कित्येक देशांत तण म्हणून पसरलंय. आपल्या माळरानावर आधीच घाणेरी आणि काँग्रेस गवत काय कमी आहे.

कलम

आवडलेलं झाड वाढवायचं तर कलमच. अडेनियमची नुस्ती फांदी लावली तरी जगते पण तिला बियांच्या झाडासारखं देखणं बुड येत नाही. म्हणून टाकाऊ ठरलेल्या गुलाबी रोपांचं बुड वापरायचं, त्यांचा तोच उपयोग. फेब्रुवारी-मार्चमधे पेन्सिलएवढ्या जाडीचं रोप आडवं कापा, खाच पाडा, तेवढ्याच जाडीची नव्या जातीची दोन-तीन इंचाची काडी पाचर करून बसवा, निदान एका बाजूची साल सालीला भिडली पाहिजे. ब्लेड नवीन, चीक पुसून घ्या, स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म ताणून गुंडाळा, वरनं छोटी प्लास्टिक पिशवी. सावलीत ठेवा आणि पंधरा दिवस उघडून बघू नका, सगळी कलमं बघण्यानंच मरतात.

'शेंगाचटणी'ची अशी नऊ कलमं केली, सहा लागली. आणि वाटलेल्या ३७ मधलं एक रोप अक्कांकडं गेलं होतं, कुरडयांची भरपाई म्हणून, फिकट गुलाबी, मी पहिल्याच फुलावर नापास केलेलं. ह्या थंडीत त्याला दुसरा थर धड फुटलाय आणि पाकळीच्या मधोमध गडद रेघ आलीय, दुपारच्या उन्हात पण करपत नाही. सांगितलं होतं ना दोन सीझन बघा, मीच बघितले नाहीत. आता फेब्रुवारीत अक्कांकडं काडी मागायला जायचंय, आणि त्या आधी कुरडयांचा विषय काढणार हे नक्की.